'बहेनवाले दाणे' म्हणजे नक्की काय? कंडिशनर विकायच्या आधी बीटीएमएस समजून घ्या



हा लेख म्हणजे आधी माझी चूक कबूल करणं आहे. घटकाची माहिती त्याच्या पाठोपाठ येईल.

गेल्या पावसाळ्यात एक ताई दुकानात आल्या. हातात मोठी नायलॉनची पिशवी, आत कंडिशनरच्या बेचाळीस बाटल्या. माझा व्हिडिओ बघून त्यांनी साठ बाटल्या बनवल्या होत्या. पैसे भिशीचे. अठरा विकल्या, त्यातल्या सहा-सात परत आल्या. गिऱ्हाइकांचं म्हणणं एकच, केस धुतलेच नाहीत असं वाटतंय, तेलकट आणि चपटे झालेत. गंमत म्हणजे एका बाईंनी मात्र आणखी दोन बाटल्या मागितल्या होत्या. म्हणाल्या, माझ्या केसांना इतकं छान आजवर काहीच लागलं नाही.

ताई माझ्यावर चिडल्या नव्हत्या. त्यांना फक्त विचारायचं होतं, "माझ्या हातून काय चुकलं?" मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि त्यांच्या वहीतली रेसिपी वाचली. लिहिलं होतं: 'बीटीएमएस ५० ग्रॅम.' मग त्यांनी आणलेलं पाकीट बघितलं. साधी प्लास्टिकची थैली, वर मार्करने 'बीटीएमएस ५०'. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. व्हिडिओमध्ये मी वापरलेला माल होता बीटीएमएस-२५, आणि तो एक किलोच्या बॅचला ५० ग्रॅम घ्यायचा होता. २५ हा आकडा मी तोंडाने उच्चारलाच नव्हता. ताईंनी दुकानात जाऊन 'बीटीएमएस ५०' मागितलं, दुकानदाराने ते दिलं. चूक त्यांची नाही, दुकानदाराचीही नाही. माझी.

त्यांच्या कच्च्या मालाचे पैसे मी परत केले. पण तो व्हिडिओ बऱ्याच जणींनी पाहिलाय, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतेय. व्हिडिओत घाई होते. वाचताना तुम्ही थांबू शकता, वहीत उतरवून घेऊ शकता.

हे नाव आलं कुठून

माझ्या दुकानात याला कुणी 'बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट' म्हणत नाही, आणि म्हणणारही नाही. 'ते बहेनवाले दाणे द्या' असं म्हणतात. मीही तेच म्हणते. पण त्या 'बहेन'चा बहिणीशी काही संबंध नाही, संबंध आहे शेवग्याशी. शेवग्याच्या बियांपासून निघणाऱ्या तेलाला जुनं नाव 'बेन' किंवा 'बेहेन' तेल. त्यात एक लांब साखळीचं फॅटी ॲसिड सापडलं, त्याला बेहेनिक ॲसिड म्हणायला लागले. आपण आमटीत टाकतो त्याच शेंगांचं झाड, बरं का. आज मात्र कारखान्यात हे शेवग्यापासून काढत नाहीत. मोहरीच्या जातीच्या तेलात इरुसिक ॲसिड भरपूर असतं. त्यावर प्रक्रिया करून बेहेनिक ॲसिड, त्यापासून बेहेनिल अल्कोहोल आणि पुढे हे दाणे, असा प्रवास होतो.

लांब साखळी म्हणजे किती लांब? २२ कार्बन. खोबरेल तेलातलं मुख्य फॅटी ॲसिड, लॉरिक, ते १२ कार्बनचं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

त्या २२ कार्बनच्या शेपटीच्या टोकाला नायट्रोजनचं एक डोकं असतं आणि त्याला तीन मिथाइल गट चिकटलेले. 'ट्रायमोनियम' हा शब्द त्यावरून आला. ह्या डोक्यावर अधिक विद्युतभार असतो, आणि कंडिशनरचं सगळं काम या अधिक भारावरच चालतं.

केसांवर होतं काय

केस बाहेरून कौलारू छपरासारखा असतो. कौलांवर कौलं, मुळाकडून टोकाकडे उतरती. नवीन केसावर या कौलांना एक पातळ तेलकट थर असतो, त्यामुळे पाणी सरकून जातं. केस ब्लीच केला, रंगवला, स्ट्रेटनिंग केलं, वर्षानुवर्षं उन्हात तापला की तो थर जातो, कौलं उचकटतात, आणि केसाच्या पृष्ठभागावर उणे भार वाढतो.

खरं तर धडधाकट केसावरही थोडा उणे भार असतोच. केसाचा भार शून्यावर येतो तो साधारण ३.७ पीएचला. आपण शाम्पू, पाणी जे काही वापरतो ते याच्या वरचं असतं, त्यामुळे केस कायम उणे बाजूला राहतो. शाम्पूचा फेस करणारे घटकही उणे भाराचे. उणे-उणे एकमेकांना ढकलतात, म्हणून शाम्पू धुवून निघून जातो. मळ निघतो, पण मागे केस कोरडा आणि गुंतलेला राहतो.

आता त्यावर आपले दाणे आले. त्यांचं अधिक भाराचं डोकं केसाच्या उणे पृष्ठभागाला जाऊन चिकटतं आणि २२ कार्बनची शेपटी बाहेरच्या बाजूला राहते. असंख्य शेपट्या मिळून एक मेणचट पातळ थर तयार होतो. फणी अडकत नाही, केस एकमेकांवरून सरकतात, हिवाळ्यात उडत नाहीत. कपडे धुतल्यावर शेवटच्या पाण्यात जे कम्फर्ट टाकता ना, त्याचं तत्त्वही हेच आहे.

आणि उणे भार जिथे जास्त, तिथे थरही जास्त. म्हणजे कंडिशनर आपोआप खराब झालेल्या टोकांवर अधिक बसतो. ताईंच्या त्या एका खूश गिऱ्हाइकाचं कोडं इथे सुटतं. मी विचारलं तेव्हा कळलं, त्या बाईंनी दोनदा ग्लोबल कलर केलेला होता. त्यांच्या केसांना दुप्पट मालही पुरला. बाकीच्या बायकांचे केस साधे, पातळ, कधी रंग न लावलेले. तिथे दुप्पट माल नुसता ओझं होऊन बसला.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाटलीवर काय लिहायचं ते यावर ठरतं. केस मेलेला असतो. कंडिशनर त्याला 'पोसत' नाही, 'आतून दुरुस्त' करत नाही. वरून थर देतो, पुढच्या धुण्यात तो बराचसा निघून जातो, पुन्हा लावावा लागतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गुंता कमी झाला की फणीने केस तुटणं कमी होतं, हा खरा फायदा आहे आणि तो सांगायला पुरेसा आहे.

२५ आणि ५०: इथेच सगळे फसतात

बीटीएमएस शुद्ध स्वरूपात आपल्याला कुणी विकत नाही. ते फॅटी अल्कोहोलात मिसळून, दाणे किंवा पापड्या करून विकतात. २५ म्हणजे मूळ घटक सुमारे २५ टक्के, बाकी सिटिअरिल अल्कोहोल. ५० म्हणजे मूळ घटक सुमारे ५० टक्के, बाकी फॅटी अल्कोहोल आणि काही कंपन्यांच्या मालात ब्युटिलीन ग्लायकॉल.

आता हिशेब करा. एक किलोच्या बॅचमध्ये २५ नंबरचे ५० ग्रॅम टाकले तर मूळ घटक साडेबारा ग्रॅम, म्हणजे सव्वा टक्का. रोजच्या कंडिशनरला ठीक. ५० नंबरचे ५० ग्रॅम टाकले तर पंचवीस ग्रॅम, अडीच टक्के. ताईंचं हेच झालं.

मग कुणी म्हणेल, सोपं आहे, ५० नंबर असेल तर निम्मा टाका. तेही पुरेसं नाही! २५ नंबरच्या ५० ग्रॅममध्ये साडेसदतीस ग्रॅम फॅटी अल्कोहोल फुकटात आलेलं असतं. कंडिशनरला जो घट्टपणा, मलईसारखा पोत येतो तो त्यानेच. ५० नंबरचे २५ ग्रॅम घेतले तर जास्तीत जास्त साडेबारा ग्रॅम येतं. उरलेलं, साधारण २५ ग्रॅम, वेगळं सिटिल किंवा सिटिअरिल अल्कोहोल टाकून भरून काढावं लागतं. नाहीतर कंडिशनर पातळ होतो, गिऱ्हाईक म्हणतं पाणी मिसळलंय.

माल घेताना

आमचा रे रोड तुम्हाला माहीत असेल. स्टेशनच्या पूर्वेला दारुखाना, जहाजं तोडण्याचं आणि भंगाराचं जुनं ठिकाण. तिथला व्यापारी बिल बघून माल घेत नाही. खिशातलं चुंबक काढतो, लावून बघतो, कानस मारून बघतो. आपण मात्र वडगादीला नाहीतर मस्जिद बंदरला जातो, पांढरे दाणे दिसले की पैसे देऊन मोकळे. पांढरे मेणचट दाणे तर सिटिल अल्कोहोलचेही असतात, इमल्सिफाइंग वॅक्सचेही असतात, आणि स्टिअरिक ॲसिडचेही असतात.

घरी करता येईल अशी परीक्षा सांगते. काचेच्या भांड्यात ९५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी ७५ अंशांपर्यंत तापवा, त्यात ५ ग्रॅम दाणे टाका आणि वितळेपर्यंत हलवत राहा, मग हलवत हलवतच थंड करा. बीटीएमएस असेल तर पांढरं, गुळगुळीत, लोशनसारखं मिश्रण होईल. नुसतं सिटिल अल्कोहोल किंवा स्टिअरिक ॲसिड असेल तर हलवणं थांबवल्यावर वर तरंगेल आणि मेणाची चकती जमेल.

पण इमल्सिफाइंग वॅक्सही पांढरं लोशन करतं. त्यासाठी दुसरी पायरी. त्या थंड लोशनचे दोन चमचे वाटीत घ्या आणि त्यात साधा फेसवाला शाम्पू थोड्या पाण्यात कालवून थेंब थेंब टाका. अधिक भाराचा माल असेल तर दुधात लिंबू पिळल्यासारखं फाटतं, बारीक गुठळ्या होतात. साधं वॅक्स असेल तर असं फाटत नाही.

२५ आहे की ५० हे मात्र घरच्या घरी खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी विक्रेत्याकडे सीओए मागा, म्हणजे कंपनीचं तपासणीपत्र. त्यावर बॅच नंबर आणि ॲक्टिव्ह मॅटरची टक्केवारी असते. थैलीवरचा बॅच नंबर आणि कागदावरचा बॅच नंबर जुळला पाहिजे. "अहो मॅडम, सगळे असंच नेतात" असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर या. दोन रुपये महाग पडलं तरी चालेल, सीलबंद आणि लेबल असलेला माल घ्या.

हा सगळा व्यवसाय आपल्या दारात आहे, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. साबण-शाम्पूच्या कच्च्या मालातलं मोठं नाव, गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स, १९८० साली इथेच सुरू झालं. कार्यालय नवी मुंबईत, कारखाने तारापूर आणि तळोज्याला. २०१८ मध्ये त्यांचे शेअर बाजारात आले. आणि या विषयाचं शिक्षण देणारी संस्था आपल्याच हार्बर लाइनजवळ, माटुंग्याची आयसीटी. जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली, तिथे तेलं आणि सर्फॅक्टंट्सचा स्वतंत्र विभाग आहे. तुमच्या घरात बारावी सायन्सचं मूल असेल तर सांगून ठेवा.

'सल्फेट' आहे, 'अल्कोहोल' आहे, मग चांगलं कसं?

हे दोन प्रश्न तुम्हाला गिऱ्हाईक विचारणारच, तयारीत राहा.

मेथोसल्फेट या नावात सल्फेट आहे, म्हणून 'सल्फेट फ्री' बघून खरेदी करणाऱ्या बायका घाबरतात. शाम्पूमधलं सल्फेट म्हणजे एसएलएस, एसएलईएस. ते उणे भाराचे, फेस करून तेल ओढून काढणारे घटक. मेथोसल्फेट हा फक्त आपल्या अधिक भाराच्या घटकाचा जोडीदार आयन आहे, मिठात सोडियमबरोबर क्लोराइड असतं तसा. तो फेस करत नाही, केस कोरडे करत नाही. क्लोराइडवालंही मिळतं, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, तेही कंडिशनरचंच काम करतं.

सिटिल अल्कोहोल म्हणजे सॅनिटायझरमधलं अल्कोहोल नव्हे. हे मेणासारखं घन असतं, केस मऊ करतं. हातात एक दाणा चोळून दाखवा, गिऱ्हाइकाला लगेच पटतं.

याच कुटुंबातला धाकटा भाऊ म्हणजे सेट्रिमोनियम क्लोराइड, १६ कार्बनचा, बाजारात द्रवरूपात मिळतो. स्वस्त पडतो. सॅव्हलॉनमध्ये जे सेट्रिमाइड असतं ना, ते याचं जवळचं नातेवाईक. शेपटी आखूड असल्याने थर हलका बसतो आणि त्वचेला जास्त झोंबू शकतो. म्हणून नवशिक्यांना मी २२ वालाच सुचवते.

शाम्पूत टाकून टू-इन-वन? नको

दर बॅचला कुणीतरी विचारतंच: "ताई, शाम्पूतच थोडे दाणे टाकले तर?" वरची वाटीतली परीक्षा आठवा. फाटलं ना? बाटलीतही तेच होणार. उणे आणि अधिक एकमेकांना धरून बसणार, मग फेस नाही आणि कंडिशनिंगही नाही.

कंपन्यांचे टू-इन-वन शाम्पू वेगळ्या घटकांवर चालतात. सिलिकॉन असतं, किंवा अधिक भार चढवलेले मोठे रेणू, जसं पॉलीक्वाटर्नियम-१० किंवा गवारीच्या डिंकापासून केलेलं ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड. हो, भाजीची गवार, तिच्या बियांचा डिंक! हे घटक शाम्पूत विरघळून राहतात आणि डोक्यावर पाणी ओतल्यावर, शाम्पू पातळ झाला की, वेगळे होऊन केसावर बसतात. फार हुशार युक्ती आहे, पण त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

आजीचं खोबरेल यात कुठे बसतं

आपल्याकडे कंडिशनर हा शब्द येण्याआधी न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल, सकाळी शिकेकाई-रिठा, आणि कुणी जास्वंदीची पानं, कुणी मेथी भिजवून तिचा बुळबुळीत लगदा. बुळबुळीतपणा फणी सरकवतो, म्हणजे तोही कंडिशनरच.

खोबरेलाबद्दल तर आपल्या मुंबईतच झालेलं संशोधन आहे. मॅरिकोमधले संशोधक रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची केसांवर तुलना केली. ती २००३ मध्ये जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समध्ये छापून आली. केस धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातलं प्रथिन वाहून जाणं लक्षणीय कमी केलं ते फक्त खोबरेलाने. कारण लॉरिक ॲसिडची साखळी छोटी आणि सरळ, ते केसाच्या आत शिरतं. आता ते १२ आणि २२ आठवा. १२ वाला आत जातो, २२ वाला बाहेर थर देतो. दोघांची कामं वेगळी आहेत, म्हणून खोबरेल लावणाऱ्या गिऱ्हाइकाला 'तेल सोडा आणि कंडिशनर घ्या' असं सांगू नका. तेल आधी, शाम्पू मग, कंडिशनर शेवटी.

खाली रेसिपीत मी एक टक्का खोबरेल टाकलंय. खरं सांगू? दोन मिनिटांत धुवून टाकायच्या कंडिशनरमध्ये एक टक्का तेलाने फार काही होत नाही. रात्रभर लावलेल्या तेलाची सर त्याला नाही. पण पोत बरा येतो आणि आपल्या लोकांना लेबलवर खोबरेल वाचून बरं वाटतं. टाका, फक्त त्याच्या नावाने मोठे दावे करू नका.

दुरुस्त केलेली रेसिपी, एक किलोची

ही शिकण्यासाठी आणि घरच्या वापरासाठी आहे. विकण्याबद्दल पुढे बोलते.

एका भांड्यात डिस्टिल्ड पाणी ८७२ ग्रॅम आणि ग्लिसरीन २० ग्रॅम. दुसऱ्या भांड्यात बीटीएमएस-२५ (पंचवीस, पंचवीस, पंचवीस!) ५० ग्रॅम, सिटिल अल्कोहोल ३० ग्रॅम, खोबरेल १० ग्रॅम. दोन्ही भांडी पाण्याच्या वाफेवर ७५ अंशांपर्यंत न्या. थर्मामीटर हवाच, अंदाज नको. मग पाणी तेलाच्या भांड्यात ओतत हलवत राहा आणि थंड होईपर्यंत हलवणं सोडू नका. ४० अंशांच्या खाली आल्यावर पॅन्थेनॉल ५ ग्रॅम, फिनॉक्सिइथेनॉलचं प्रिझर्व्हेटिव्ह ९ ग्रॅम, सुगंध ४ ग्रॅम. शेवटी सायट्रिक ॲसिडचं पाणी थेंब थेंब टाकून पीएच ४ ते ४.५ वर आणा.

दाणे वितळवताना हातमोजे आणि चष्मा घाला. बीटीएमएसचा कण डोळ्यात गेला तर चांगलंच झोंबतं.

फिनॉक्सिइथेनॉल एक टक्क्याच्या वर नेऊ नका, ती कमाल मर्यादा आहे. आणि ते गाळायचंही नाही. 'मी नैसर्गिक बनवते, प्रिझर्व्हेटिव्ह नको' म्हणणाऱ्या ताईंना मी हात जोडते. कंडिशनरमध्ये ८७ टक्के पाणी आहे. मुंबईच्या दमट हवेत, न्हाणीघरात, ओल्या हातांनी उघडली जाणारी बाटली. बुरशी निदान दिसते तरी, बॅक्टेरिया दिसतही नाहीत.

नळाचं पाणी का नको? आपलं भातसा-तानसा-वैतरणेचं पाणी तसं मृदू आहे, पण त्यात क्लोरीन असतं आणि इमारतीच्या टाकीत काय असतं ते देवालाच ठाऊक.

पैशाचं गणित

आता ज्यासाठी तुम्ही हा चॅनेल बघता ते. भाव रोज बदलतात, म्हणून 'समजा' धरून चला. बीटीएमएस-२५ किलोला १२०० रुपये असेल तर ५० ग्रॅमचे ६० रुपये. सिटिल अल्कोहोल ४०० च्या भावाने १२ रुपये. खोबरेल ४, ग्लिसरीन ४, पॅन्थेनॉल २४०० च्या भावाने १२, प्रिझर्व्हेटिव्ह ७, सुगंध ८. एकूण १०७ रुपये, पाण्याचे वेगळे. म्हणजे शंभर ग्रॅमच्या बाटलीत माल पडला अकरा रुपयांचा.

आणि बाटली, फ्लिप टॉप झाकण, लेबल मिळून? समजा अठरा. आतल्या मालापेक्षा बाटली महाग! म्हणून दाण्यांमध्ये पाच रुपये वाचवून बॅच बिघडवण्यात काही अर्थ नाही. एका बाटलीमागे दाण्यांचा खर्च सहा रुपये आहे. तिथे हात आखडू नका, बाटलीच्या भावात घासाघीस करा.

बाटलीवरून आठवलं. रे रोडवरून दोन स्टेशनं पुढे शिवडी. तिथे बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजचा कारखाना होता, ज्यातून पुढे १९९० मध्ये मॅरिको वेगळी उभी राहिली. पॅराशूट पूर्वी पत्र्याच्या डब्यात यायचं. प्लास्टिकवर जायचं म्हटल्यावर दुकानदार तयार होईनात, कारण आधी कुणीतरी चौकोनी प्लास्टिक बाटल्या आणल्या होत्या आणि त्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. हर्ष मारीवाला सांगतात की त्यांनी गोल बाटली केली, जिच्यावर उंदराला दात रोवायला कोपराच मिळत नाही, आणि खरोखर उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून परीक्षा घेतली, ती दुकानदारांना दाखवली. दुकानदाराची अडचण खोटी नसते, ती सोडवून दाखवावी लागते. तुमच्या बाटलीचं झाकण गळतंय असं पार्लरवाली म्हणाली तर वाद घालू नका, एक बाटली रात्रभर उलटी ठेवून बघा.

आणि लायसन्स

हे मी त्या जुन्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं, ती माझी दुसरी चूक. ताईंनी अठरा बाटल्या विकल्या त्या कायद्याने विकायला नको होत्या.

विकण्यासाठी कंडिशनर बनवायचा तर कॉस्मेटिक बनवण्याचं लायसन्स लागतं. कायदा १९४० चा, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, आणि नियम २०२० चे, कॉस्मेटिक्स रूल्स. महाराष्ट्रात अधिकार एफडीएकडे, मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. जागा, यंत्रं, स्वच्छता, जाणकार तांत्रिक माणूस, सगळ्याच्या अटी आहेत. दहा बाय बाराच्या खोलीतल्या गॅसच्या ओट्यावर त्या पूर्ण होणार नाहीत. 'मी फक्त व्हॉट्सॲपवर विकते' याने सूट मिळत नाही. गुमास्ता काढलाय, उद्यम नोंदणी केलीय, तेही पुरत नाही. ती दुकानाची आणि उद्योगाची नोंद झाली, कॉस्मेटिक बनवण्याची परवानगी नाही.

मग करायचं काय? दोन रस्ते. एक, ज्यांच्याकडे लायसन्स आहे अशा कारखान्याकडून तुमच्या ब्रँडचा माल बनवून घ्या. दुसरा, लोन लायसन्स, म्हणजे दुसऱ्याच्या लायसन्सवाल्या कारखान्यात तुमच्या नावाने उत्पादन, त्याचा अर्जही वेगळा असतो. नवीन असाल तर पहिला रस्ता. कारखानदार किमान किती माल काढणार ते आधी विचारा, तोच आकडा बहुतेक जणींना जड जातो. चौघी-पाच जणींनी मिळून एक ब्रँड केला तर जमतं.

आणि इथेच वरचा सगळा अभ्यास कामाला येतो. कारखानदार तुम्हाला तीन नमुने देईल. तुम्ही विचारायचं: बेहेनट्रायमोनियम आहे की सेट्रिमोनियम? मूळ घटक किती टक्के? पीएच किती? प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं? हे चार प्रश्न विचारणाऱ्या बाईला कुणी पाण्यात सिटिल अल्कोहोल कालवून देत नाही. लेबलवर घटकांची यादी, लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची आणि वापरण्याची मुदत, वजन, एमआरपी, पत्ता हे सगळं आहे ना, तेही तपासा. 'केस गळणं थांबवतो', 'टकलावर केस उगवतो' असलं लिहू नका. असा दावा केला की ते औषधाच्या कायद्यात जातं.

ताईंचं पुढे काय झालं ते सांगते. त्या बेचाळीस बाटल्या आम्ही विकल्या नाहीत. ताई स्वतः आणि त्यांच्या दोन जावा अजून त्या वापरतायत, मटारच्या दाण्याएवढ्या, फक्त टोकांना. डिसेंबरमध्ये आणखी तिघींना घेऊन त्या एका कारखान्यात नमुने बघायला गेल्या. पहिला नमुना परत पाठवला, कारण पीएच पट्टीवर ६ च्या वर दाखवत होता. पट्टी त्यांनी पर्समधून काढली तेव्हा कारखानदार बघतच राहिला, असं त्या सांगत होत्या.

जुना व्हिडिओ मी अजून काढलेला नाही, खाली दुरुस्ती टाकलीय. पण ज्यांनी वहीत रेसिपी उतरवून घेतलीय त्यांनी आत्ता वही उघडा आणि 'बीटीएमएस' या शब्दापुढे '२५' लिहा. लाल पेनाने.